बर्फाखालचा बर्फ : हिमस्खलनाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात हिमालयातील हिवाळी पदभ्रमंतीवर लिहिले, त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत वाचायला मिळाली, ती हिमस्खलनाची. पत्रे ठाणे, ऐरोली, नेरूळ, खारघर या पट्ट्यातली आहेत. येऊर, माहुली, कलावंतीण, प्रबळगड यांवर पाय तयार झालेली ही मंडळी आता बर्फाकडे वळली आहेत. सह्याद्रीत कमावलेला दम हिमालयात कामी येतो, वाट ओळखण्याची नजरही कामी येते. बर्फ ओळखण्याची नजर मात्र सह्याद्री देऊ शकत नाही, ती निराळी कमवावी लागते. म्हणून या वेळचा सगळा स्तंभ या एका विषयाला दिला आहे.

प्रश्न : माझी मुलगी जानेवारीत महाविद्यालयातल्या मित्रमैत्रिणींबरोबर केदारकंठाला जाणार आहे. आयोजक म्हणतात, “यंदा बर्फ कमी आहे, त्यामुळे हिमस्खलनाची भीतीच नाही.” यावर विश्वास ठेवावा का?
(एक आई, घोडबंदर रस्ता, ठाणे)

आपल्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. उत्तराखंडातल्या केदारकंठाची वाट हिवाळी वाटांमध्ये तुलनेने सौम्य मानली जाते, ते बरोबर आहे. पायथ्याच्या सांकरी गावापासून वर जाताना बराचसा मार्ग जंगलातून आहे आणि ३,८०० मीटरच्या शिखराकडे नेणारा शेवटचा टप्पा उघड्या उतारावरून आणि धारेवरून जातो. दाट जंगलात झाडांचे बुंधे बर्फाला धरून ठेवतात. त्यामुळे आपल्या मुलीने जाऊच नये, असे मी म्हणणार नाही.

मात्र आयोजकांनी दिलेले कारण चुकीचे आहे, आणि हे चुकीचे कारण मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावर स्पष्ट बोलणे मला भाग आहे. कमी बर्फ म्हणजे कमी धोका, हे समीकरण खरे नाही. डिसेंबरात थोडासा बर्फ पडून तो कित्येक आठवडे कडाक्याच्या थंडीत तसाच पडून राहिला, तर तो आतून पोकळ आणि ठिसूळ होत जातो. त्यावर जानेवारीच्या अखेरीस एकदम दोन-तीन फूट नवा बर्फ आला, की तो एखाद्या कच्च्या पायावर बांधलेल्या मजल्यासारखा उभा राहतो. असे का होते, ते पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

आयोजकांना “धोका आहे का?” असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी “नाही” असेच मिळते. त्याऐवजी असे विचारा : वाटेतला कोणता टप्पा ३० अंशांहून जास्त उताराचा आहे, किंवा तशा उताराच्या खालून जातो? तंबू कोठे लागतात आणि त्यांच्या वर काय आहे? मोठी हिमवृष्टी झाली तर किती दिवस थांबायचे ठरले आहे, आणि परत फिरण्याचा निर्णय कोण घेतो? शिखर झाले नाही तर पैशांचे काय, हेही विचारा. पैसे परत मिळणार नसतील तर मुले पुढे जाण्याचा हट्ट धरतात आणि त्यांच्यापुढे वाटाड्याचे चालत नाही, हे मी पाहिले आहे. या प्रश्नांची नेमकी उत्तरे देणारा माणूस त्या वाटेवर डोळे उघडे ठेवून चाललेला असतो.

उताराचा अंदाज घरच्या घरी घेता येतो. आपल्या इमारतीच्या जिन्याचा चढ साधारण ३० अंशांच्या आसपास असतो. मोबाइलमध्ये उतार मोजण्याची सोय असते. मुलीला जिन्याच्या कठड्यावर फोन ठेवून तो आकडा एकदा पाहायला सांगा. लादीच्या, म्हणजे एका सलग तुकड्याच्या, स्वरूपातली हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा सुटत नाही, आणि त्याहून फार उभ्या कड्यावर तो मोठ्या प्रमाणात साचतच नाही, पडता पडताच घसरून जातो. म्हणजे माणसाला चालायला जमेल आणि घसरगुंडीला मजा येईल असे वाटते, नेमका तोच उतार घातक असतो. आणखी एक लक्षात ठेवावे, की स्वतः सपाट जागी उभे असलो तरी वरच्या उताराचा बर्फ खाली तिथपर्यंत पोहोचू शकतो.

प्रश्न : मी आयुष्यभर बांधकाम क्षेत्रात काम केले. दरड का कोसळते ते मला समजते : पाणी मुरते, माती जड होते, तिची पकड सुटते. पण थंडीत गोठून घट्ट झालेला बर्फ अचानक का सुटावा? आणि सुटायचाच असेल तर तो हळूहळू घसरण्याऐवजी एकदम लादीसारखा का सुटतो?
(एक निवृत्त अभियंता, ऐरोली)

आपण स्वतःच ‘लादी’ हा शब्द वापरला याचा आनंद झाला, कारण या विषयातला तोच कळीचा शब्द आहे. मात्र मासळीबाजारात येणाऱ्या बर्फाच्या लादीपेक्षा घरातली सलग फरशी डोळ्यांपुढे आणावी. वाऱ्याने दाबलेला किंवा आपल्याच वजनाने बसलेला बर्फ एकसंध होतो, त्यावर चालले तर पायाला बरा वाटतो. प्रश्न फरशीचा नसतो, तिच्याखालच्या भरावाचा असतो.

डोंगरावर साठलेला बर्फ हा एकच पदार्थ नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा, प्रत्येक वादळाचा, मधल्या प्रत्येक उन्हाच्या दिवसाचा आणि निरभ्र रात्रीचा एकेक थर त्यात असतो. नवा, हलका बर्फ घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरतो, बसलेला बर्फ २०० ते ३०० किलो. हे थर एकमेकांना किती घट्ट धरून आहेत, यावर सगळे अवलंबून असते.

आता तुमच्या ओळखीचे गणित करू. बर्फाखालची जमीन हिवाळाभर शून्य अंशाच्या जवळपास राहते, कारण वरचा बर्फच तिला पांघरुणासारखा झाकतो. समजा, बाहेरची हवा उणे १५ अंश आहे. बर्फ तीन मीटर जाड असेल तर तपमानातला हा फरक दर मीटरला पाच अंश पडतो. बर्फ अर्धाच मीटर असेल तर तोच फरक दर मीटरला तीस अंश होतो. तपमानातला हा फरक दर मीटरला दहा अंशांच्या वर गेला, की खालची गरम बाजू आणि वरची थंड बाजू यांच्यामध्ये पाण्याची वाफ वेगाने वर सरकू लागते. जुने कण झिजतात आणि त्यांच्या जागी मोठे, टोकदार, एकमेकांना न धरणारे स्फटिक वाढतात. जमिनीलगत वाढलेल्या या थराला मी ‘रवाळ थर’ म्हणतो. रवाळ तूप जिभेला चांगले लागते; बर्फातला रवाळपणा जिवावर बेततो. पातळ बर्फ आणि कोरडी थंडी असली की हा थर हमखास तयार होतो, म्हणूनच घोडबंदरच्या वाचक भगिनींना मिळालेले उत्तर मला पटत नाही.

दुसरा दगाबाज थर पृष्ठभागावर तयार होतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात आपण वाचतो. उंचावरच्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर हेच घडते, फक्त तिथे हवेतल्या वाफेतून पिसांसारखे चमकणारे पातळ पापुद्रे उभे राहतात. सकाळी उन्हात ते इतके देखणे दिसतात की सगळे जण फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर नवा बर्फ पडला की ते झाकले जातात आणि पुढे कित्येक आठवडे, पत्त्यांच्या घरासारखे, वरचे ओझे तोलत उभे राहतात.

मग एखादा माणूस त्यावर पाय देतो. त्याच्या वजनाने खालच्या नाजूक थरातली एक छोटीशी जागा चेपते, वरची फरशी तिथे किंचित खाली बसते, तिच्या बसण्याने शेजारची जागा चेपते, आणि ही तडा लाटेसारखी क्षणात उतारभर धावत जाते. अशा वेळी पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज येतो. उतार पुरेसा असेल तर वरची अखंड लादी वरच्या काठावर सरळ रेषेत फाटते आणि आपल्या पायाखालचा सगळाच डोंगर चालू लागतो. दरडीत बहुधा पाणी पकड सोडवते. कोरड्या बर्फात पकड मुळात नाजूक असते आणि एक ठोसा पुरतो, तो पुष्कळदा आपणच देतो. हिमस्खलनात सापडलेल्या पर्यटकांच्या आणि गिर्यारोहकांच्या बहुसंख्य अपघातांत लादी सोडवणारा माणूस तो स्वतः किंवा त्याच्याच गटातला कोणी असतो, हे जगभरच्या नोंदींतून स्पष्ट झाले आहे. ते वाचून मला धीर येतो. जे आपल्या पायाने घडते ते आपल्या पायानेच टाळता येते.

याचा एक घरगुती प्रयोग मी ठाण्यातल्या प्रशिक्षणवर्गांत नेहमी करतो. पोळपाटावर कणकेचा एक थर तळहाताने दाबून बसवावा, त्यावर दाणेदार साखरेचा पातळ थर पसरावा, त्यावर चाळणीने पुन्हा कणीक चाळून ती हलकेच दाबावी. मग पोळपाटाची एक बाजू हळूहळू उचलावी. बराच वेळ काहीच होत नाही, आणि एका क्षणी वरची कणीक आडवी चिरते व सलग तुकडा खाली येतो. साखर उघडी पडते. साखरेशिवाय हाच प्रयोग केला तर पोळपाट किती तरी जास्त उभा करावा लागतो.

माझ्या पहिल्या हिवाळी प्रशिक्षणात हीच गोष्ट मी खऱ्या बर्फात पाहिली, ती आजही हाताला आठवते. प्रशिक्षकांनी आम्हाला फावड्याने जमीन लागेपर्यंत खड्डा खणायला लावला आणि त्याची एक भिंत तासून घेतली. मग त्या भिंतीत वरून खाली हात दाबत जायचे होते : कुठे मूठ शिरते, कुठे चार बोटे, कुठे एकच बोट, कुठे फक्त पेन्सिल आणि कुठे सुरीचे पाते. वरच्या थरांत एक बोट कसेबसे जात होते. कमरेच्या खाली एका पट्ट्यात माझी अख्खी मूठ, हातमोज्यासकट, अलगद आत गेली. बाहेर काढली तर हातमोज्यावर साखरेसारखे दाणे होते. भिंगातून पाहिले तर प्रत्येक दाणा रेघारेघांच्या छोट्या पेल्यासारखा. नंतर त्यांनी त्या भिंतीतून तीस सेंटिमीटर चौरसाचा एक खांब कापला, त्यावर फावडे आडवे ठेवले आणि त्यावर आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा, असे ठोके मारायला सुरुवात केली. तेराव्या ठोक्याला वरचा अर्धा मीटर बर्फ, करवतीने कापल्यासारखा, सरकून माझ्या मांडीवर आला. त्या दिवशी सकाळी त्याच डोंगराचा तोच उतार चढायचा बेत होता. तो प्रशिक्षकांनी काहीही न बोलता रद्द केला आणि आमच्यापैकी कोणी कारण विचारले नाही.

वजनाची कल्पना यावी म्हणून आणखी एक हिशेब : ५० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड, म्हणजे अगदी लहान म्हणावी अशी लादी, घनमीटरला २०० किलो धरले तरी १०० टन भरते. भरलेले दहा ट्रक एकदम उतारावरून येण्यासारखे ते आहे, आणि कोरडी लादी ताशी १०० किलोमीटरचा वेग सहज गाठते.

प्रश्न : मोठ्याने ओरडले तर हिमस्खलन होते का?
(इयत्ता सहावीतील विद्यार्थी, नौपाडा, ठाणे)

नाही. आवाजाने हवेत जो दाब पडतो, तो लादी सोडवायला फारच कमी असतो. माणसाचे वजन, वरून तुटून पडलेला बर्फाचा सज्जा, भूकंप किंवा स्फोट यांनी मात्र ती सुटू शकते. अनेक देशांत रस्ते सुरक्षित करण्यासाठी मुद्दाम लहान स्फोट घडवून, माणसे नसताना बर्फ खाली आणतात. तेव्हा तिथे गेलास आणि एखादा मोठा माणूस चुकीच्या जागी उभा दिसला, तर त्याला खुशाल ओरडून सांग.

प्रश्न : पावसाळ्यात आपल्याकडे हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा येतो आणि त्यावरून शाळांना सुट्टी मिळते. हिमस्खलनासाठी भारतात अशी व्यवस्था आहे का, आणि तिचा अर्थ सामान्य माणसाने कसा लावावा?
(एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई)

आहे, आणि ती पुष्कळ जुनी आहे. १९६९ साली मनाली येथे बर्फ आणि हिमस्खलन यांच्या अभ्यासासाठी एक संस्था सुरू झाली, ती ‘सासे’ या लघुनामाने ओळखली जात असे. २०२० साली तिचे दुसऱ्या एका संस्थेबरोबर विलीनीकरण होऊन डीआरडीओच्या अखत्यारीत ‘डिफेन्स जिओइन्फॉर्मॅटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट’ ही संस्था चंडीगडला उभी राहिली. सीमेवरच्या जवानांसाठी सुरू झालेले हे काम आज जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड येथील नागरिकांसाठीही जिल्हावार इशारे देते.

इशाऱ्यात तीन गोष्टी वाचाव्यात : जिल्हा, उंची आणि पातळी. ‘२,४०० मीटरच्या वर’ असे लिहिले असेल तर आपला तंबू किती उंचीवर आहे हे आपल्याला माहीत असायला हवे. ते बहुतेकांना माहीत नसते. पातळ्या जगभर साधारण पाच मानल्या जातात, पहिली सर्वांत सौम्य. इथे पावसाच्या सवयीने गल्लत होते. पाचातली तिसरी पातळी म्हणजे मध्यम, चालण्यासारखी, असे आपण मनात धरतो. प्रत्यक्षात युरोपात वर्षानुवर्षे सर्वाधिक बळी याच तिसऱ्या पातळीच्या दिवशी गेले आहेत, कारण चौथ्या-पाचव्या पातळीला लोक घरात थांबतात आणि तिसरीला बाहेर पडतात. या पातळीचा अर्थ असा की अनेक उतारांवर एकट्या माणसाच्या वजनानेही लादी सुटू शकते. नवख्याने त्या दिवशी ३० अंशांच्या वरच्या उतारावर आणि त्याच्या खालीही जाऊ नये.

इशारा हा अख्ख्या जिल्ह्याचा असतो, एका नाळेचा, म्हणजे डोंगरातल्या एखाद्या उभ्या घळीचा, नसतो, हीही त्याची मर्यादा आहे. तरी त्याचे मोल किती, हे उत्तराखंडातल्या माणा गावाजवळच्या दुर्घटनेवरून कळावे. २८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे तिथे सीमा रस्त्यांच्या कामावरच्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन कोसळले. आदल्या संध्याकाळीच, माणा ज्या जिल्ह्यात आहे त्या चमोलीसह काही जिल्ह्यांतल्या उंच भागांसाठी इशारा जाहीर झाला होता. ५४ जण बर्फाखाली सापडले, त्यांपैकी ४६ वाचले आणि आठ दगावले. अनेक जण लोखंडी कंटेनरमध्ये झोपले होते, त्यामुळे त्यांच्याभोवती हवा राहिली आणि जवानांना त्यांच्यापर्यंत पोहोचायला वेळ मिळाला. जे मजूर पोटासाठी तिथे राहतात त्यांना जागा निवडता येत नाही. आपण हौसेने जातो, आपल्याला निवडता येते. म्हणून आपली जबाबदारी जास्त आहे.

प्रश्न : आम्ही गिर्यारोहक नाही. एप्रिलमध्ये मुलांना घेऊन गाडीने सिक्कीमला जाणार आहोत. या सगळ्याचा आम्हाला विचार करावा लागेल का?
(एक कुटुंब, खारघर, नवी मुंबई)

थोडा करावा लागेल. ४ एप्रिल २०२३ रोजी गंगटोकहून नथू ला खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिमस्खलन होऊन सात पर्यटक दगावले. त्या दिवशी पर्यटकांना ज्या टप्प्यापर्यंत परवानगी होती, त्याच्या पुढे काही मंडळी गेली होती आणि बर्फात खेळायला उताराकडे उतरली होती. रस्त्यावरून जाताना कडेला पांढराशुभ्र, मोकळा उतार दिसला की गाडी थांबवण्याचा मोह होतो.

पावसाळ्यात खारघरच्या टेकड्यांखाली ओढ्याच्या तोंडाशी गाडी लावू नये, हे आपण मुलांना सांगतो. बर्फातही नाळ ओळखावी. भोवती देवदारांची गर्दी आणि मधोमध एक उभा पट्टा मात्र झाडाविना, तो पट्टा बर्फाचा नेहमीचा रस्ता असतो. त्याच्या काठावरच्या झाडांना डोंगराकडच्या बाजूच्या फांद्या नसतात. बर्फाने त्या वर्षानुवर्षे छाटलेल्या असतात. उंचावर भूर्जाची कोवळी खोडे उताराच्या दिशेने वाकलेली दिसतात. अशा पट्ट्यासमोर फोटोसाठी, चहासाठी, कशासाठीही थांबू नये. वाहतूक अडली असेल तर चालकाला गाडी पट्ट्याच्या आधी किंवा नंतर उभी करायला सांगावे. आणि परवानगी जिथे संपते तिथून परत फिरावे, गाडीवाला “थोडं पुढे नेतो” म्हणाला तरीही.

प्रश्न : सियाचीनमध्ये एक जवान सहा दिवस बर्फाखाली राहूनही जिवंत सापडला होता. मग गाडले गेल्यावर नेमकी किती वेळ आशा असते? आम्ही मित्र सामान विकत घेण्याच्या विचारात आहोत, काय घ्यावे?
(एक वाचक, वाशी, नवी मुंबई)

लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद यांना मी नमन करतो. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सुमारे १९,६०० फुटांवरच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. दहा जवानांपैकी ते एकटे जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचे निधन झाले. ते तंबूत असल्याने त्यांच्याभोवती हवेची पोकळी राहिली असावी. त्यांचे सहा दिवस हा विलक्षण अपवाद होता, त्यावर आपला बेत आखता येत नाही.

उघड्यावर गाडल्या गेलेल्या माणसाचा हिशेब मिनिटांचा आहे. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहांतले नऊ वाचतात. अर्धा तास उलटला की तिघांपैकी एकही वाचेल याची खात्री उरत नाही. बहुतेकांचा जीव थंडीने जात नाही, श्वास कोंडल्याने जातो, आणि काहींचा वाटेतल्या खडकांवर व झाडांवर आपटून. थांबल्याबरोबर बर्फ ओल्या सिमेंटसारखा घट्ट बसतो, बोटसुद्धा हलवता येत नाही. म्हणून वेग कमी होत असतानाच हात तोंडासमोर आणून श्वासापुरती जागा करायची असते. बाहेरची मदत दहा मिनिटांत येत नाही. जो शेजारी उभा आहे तोच वाचवू शकतो.

तेव्हा सामान तीन वस्तूंचे, आणि ते प्रत्येकाकडे हवे : ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवणारा व शोधणारा ट्रान्सीव्हर, घडी होणारी लांब सळई म्हणजे प्रोब, आणि धातूच्या पात्याचे फावडे. तिन्हींपैकी एक जरी नसली तरी बाकीच्या दोघींचा उपयोग फार कमी होतो. सळईशिवाय नेमकी जागा सापडत नाही. मीटरभर खोल गेलेल्या माणसापर्यंत पोहोचायला टनभर बर्फ उपसावा लागतो, तो हाताने उपसत नाही. ट्रान्सीव्हर अंगावर, बाहेरच्या जाकिटाच्या आत बांधलेला असावा, सॅकमध्ये नव्हे. आणि मोबाइल त्याच्यापासून निदान २० सेंटिमीटर, शोध घेताना ५० सेंटिमीटर दूर ठेवावा, नाहीतर तो गोंधळतो.

सराव मात्र इथेच होतो, त्याला बर्फ लागत नाही. आमचा गट रविवारी सकाळी एका मोकळ्या मैदानात पालापाचोळ्याच्या ढिगांपैकी एकात ट्रान्सीव्हर पिशवीत घालून पुरतो आणि घड्याळ लावून शोधतो. पहिल्या दिवशी आम्हाला एकोणीस मिनिटे लागली. तो आकडा ऐकून सगळे गप्प झाले. सहा रविवारांनंतर आम्ही चार मिनिटांवर आलो. महागडे यंत्र घेऊन ते विमानतळावर पहिल्यांदा चालू करणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, की ते यंत्र तुमच्या मित्रासाठी आहे; त्याच्या वाट्याचा सराव तुम्ही केला पाहिजे.

प्रश्न : आमचा गट मे महिन्यात एका खिंडीला जाणार आहे आणि ऑक्टोबरात आणखी एका शिखराचा विचार आहे. हे हिवाळ्याबाहेरचे महिने असल्याने धोका टळतो का?
(गटनायक, ठाणे)

टळत नाही, त्याचे रूप बदलते. मे महिन्यात बर्फ उन्हाने ओला होतो, वितळलेले पाणी थरांमध्ये मुरते आणि पकड सोडवते. इथे तो ऐरोलीच्या अभियंत्यांच्या दरडीसारखा वागतो. रात्री निरभ्र आकाशाखाली तो पुन्हा गोठतो. त्यामुळे उन्हाळ्यातल्या खिंडी मध्यरात्रीनंतर निघून सकाळी लवकर ओलांडायच्या असतात. रात्रभर ढग राहिले तर तो गोठतच नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पाय घोट्याच्या वर रुतू लागला किंवा वरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळू लागले, तर तो उतार बंद झाला असे समजावे, घड्याळात सकाळचे आठच वाजलेले असले तरी.

ऑक्टोबराविषयी मी जास्त सावध आहे. पावसाळा संपत येतो, उंचावर नवा बर्फ जुन्या, कडक पृष्ठभागावर पडलेला असतो आणि वर निळेभोर आकाश असते. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीतल्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींची तुकडी द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह मिळाले आणि दोघे सापडलेच नाहीत. त्यांत शिकणारे होते आणि शिकवणारेही होते. १४ ऑक्टोबर २०१४ ला नेपाळातल्या ‘थोरोंग ला’ खिंडीच्या परिसरात हिमवादळात आणि हिमस्खलनांत चाळीसहून अधिक माणसे गेली. दोन दिवस आधी विशाखापट्टणमला धडकलेल्या ‘हुदहुद’ चक्रीवादळाची ती ओल होती. बंगालच्या उपसागरात वादळ उठले असेल तर हिमालयातल्या गटनायकाने त्याच्याकडे लक्ष ठेवावे. मोठ्या हिमवृष्टीनंतर निदान एक-दोन दिवस उतारांना हात लावू नये, आणि चोवीस तासांत फूटभर बर्फ पडला असेल, वर वाराही असेल, तर त्याहून जास्त थांबावे. वाऱ्याने धारेपलीकडच्या आडोशाला बर्फ किती तरी वेगाने साठतो, त्यामुळे आकाशातून काही पडत नसतानाही तिथली लादी वाढत असते.

गटनायकाला छळणारी खरी गोष्ट म्हणजे रजा. बारा दिवसांची रजा, परतीची आरक्षणे, कोणाची तरी शेवटची संधी. मी स्वतः एकदा याच दडपणाखाली एक उतार ओलांडला. अर्ध्यावर पायाखालून तो ‘धप्प’ आवाज आला आणि माझ्यापासून वीस पावलांवर बर्फात एक बारीक तडा सरळ धावत गेली. उतार तिथे जरा सौम्य होता म्हणून लादी जागेवर राहिली. माझ्या मागे पाच जण होते, त्यांपैकी दोघांची लग्ने त्याच वर्षी झाली होती. त्यानंतर आम्ही प्रत्येक मोहिमेत दोन दिवस जास्तीचे धरूनच आरक्षण करतो, आणि परत फिरायचे म्हणणारा एकजण असला तरी पुरे, त्याचे कारण विचारत नाही.

प्रश्न : असा उतार ओलांडावाच लागला तर दोराने एकमेकांना बांधून घ्यावे का?
(त्याच गटातील सदस्य, ठाणे)

हिमनदीवर, जिथे झाकलेल्या भेगा असतात, तिथे दोर हवा. पण निव्वळ हिमस्खलनाचा धोका असलेल्या उतारावर एकमेकांना बांधून चालू नये, एकाबरोबर सगळे ओढले जातात. तिथे एकेकट्याने जावे. काठीचे पट्टे मनगटातून काढावेत, सॅकचा छातीचा पट्टा सोडावा, टोपी व जाकीट बंद करावे. बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभे राहून जाणाऱ्यावरून नजर हलवू नये, म्हणजे काही झालेच तर तो शेवटचा कुठे दिसला हे सगळ्यांना ठाऊक असते आणि शोध तिथून खाली सुरू होतो. पलीकडे पोहोचलेल्याने उताराच्या पायथ्याशी न थांबता बाजूच्या खडकाआड किंवा उंचवट्यावर जावे, आणि मगच पुढच्याला हात करावा.